धुतलेल्या पट्ट्या

बंद पडलेल्या वस्तू का बंद पडल्या, हे शोधून काढणं ही माझी नोकरी आहे. कारखान्यातल्या पंपापासून मिक्सरच्या बटणापर्यंत काहीही आमच्या प्रयोगशाळेत येतं. ते कापायचं, घासायचं, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि चार पानांत कारण लिहून द्यायचं. धातूंच्या गंजावर मी डॉक्टरेट केली आहे. या कामात मी चांगली आहे, आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही. पुढे जे घडलं त्यात या आत्मविश्वासाचा वाटा मोठा आहे, म्हणून ते आधीच नोंदवून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी एका वेब-नियतकालिकाच्या संपादिकेने मला लेख मागितला. फसलेली यंत्रं फसली नसती तर आज काय दिसलं असतं, अशी त्यांची मालिका होती. कल्पना करायची, पण पुराव्याच्या आधाराने. मी लगेच हो म्हटलं, कारण माझ्याकडे विषय तयार होता. नव्वदीच्या सुरुवातीला प्रभादेवीच्या एका औद्योगिक गाळ्यात एका छोट्या कंपनीने देशी व्हिडिओ गेमचं यंत्र बनवलं होतं. टीव्हीला जोडायचं, वर कॅसेट खोचायची, दोन माणसांनी खेळायचं. एका दिवाळीत ते बऱ्यापैकी खपलं. पुढच्या पावसाळ्यानंतर एकेक यंत्र मुकं होऊ लागलं, दुकानदारांनी ते परत पाठवलं आणि कंपनी मिटली. मग बाजार स्वस्त परदेशी नकलांनी भरून गेला. वरळीच्या बीडीडी चाळीत, आमच्या खोलीत, या यंत्राला ‘गेमचा डबा’ म्हणत. त्याच्या आतल्या सर्किटच्या पट्ट्यांना माझ्या आईने डाख दिला होता, म्हणजे सोल्डरिंग केलं होतं. तेव्हा मी पाळण्यात होते.

यंत्राचा आराखडा करणारे इंजिनियर शिवाजी पार्कजवळ राहतात, हे मला एका जुन्या दुकानदाराकडून कळलं. सत्तरीच्या जवळ आलेले, सडपातळ, शर्ट इन केलेला. मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला जायचे. पत्नी वारलेली, मुलगा परदेशी. कंपनी बुडाल्यावर त्यांनी एका तंत्रनिकेतनात शिकवलं, पण स्वतः पुन्हा काहीही बनवलं नाही. बेडरूममधल्या कपाटात त्यांनी अकरा मेलेली यंत्रं जपून ठेवली होती.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, “तू लेख लिहिणार म्हणजे कारण शोधणार ना?”

“कारणाशिवाय पर्यायी इतिहास लिहिता येत नाही, सर. कुठली गोष्ट बदलायची हे आधी कळायला हवं.”

“मग तेवढं मला आधी सांग. लेख नंतर लिही. मला वाटतं कॅसेटच्या खाचेची रचना चुकली. माझीच. तीसेक वर्षं तेच वाटतंय. पण वाटणं आणि माहीत असणं यात फरक आहे. माझ्याकडे फार वेळ नाही, आणि हे न कळता जायला मला आवडणार नाही.”

त्यांनी मला तीन यंत्रं दिली. ती घेऊन मी लगेच निघाले नाही, कारण त्यांना बोलायचं होतं. त्या दुपारी आणि नंतरच्या तीन-चार रविवारी आम्ही दोघांनी मिळून न घडलेला इतिहास रचला. त्यांचा उत्साह मला आवरावा लागे.

“गिरण्यांच्या शेडमध्ये टॉवर आले नसते,” ते म्हणत. “जुळणीचे कारखाने आले असते. परळमध्ये पट्ट्या, लालबागमध्ये प्लॅस्टिकचे साचे.”

“जमिनीचा भाव एका खेळण्याने थांबत नाही, सर.”

“बरं, एक शेड. एक शेड तरी देशील की नाही?”

एक शेड मी दिली. दुरुस्तीची दुकानं दिली. मराठी अक्षरं ओळखायला शिकवणारी कॅसेट दिली, कारण तिचा अर्धा प्रोग्रॅम त्यांनी खरोखरच लिहिलेला होता. तो त्यांनी मला पिवळ्या कागदावर दाखवला. गणपतीच्या मांडवात त्या खेळातला किल्ला देखावा म्हणून उभा राहिला असता, हे त्यांचं म्हणणंही मी मान्य केलं, कारण आपल्याकडे जे गाजतं ते दहा दिवस मांडवात उभं राहतंच. त्या इतिहासात ते साठाव्या वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या हाताखालची माणसं चौथं यंत्र काढणार होती. माझ्या आईचं त्यात काय झालं असतं, याचा हिशेब मी मनातल्या मनात केला होता. ती सुपरवायझर झाली असती. हे मी त्यांना सांगितलं नाही. आईने त्या यंत्रावर काम केलं होतं, हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे पट्ट्यांची जोडणी परळच्या एका वर्कशॉपमध्ये होत होती. कंत्राटदाराने त्यांना तसंच सांगितलं होतं, आणि ते स्वतः बघायला कधी गेले नव्हते.

यंत्रं उघडली तेव्हा कॅसेटची खाच ठीक निघाली. बिघाड पट्टीवर होता. हिरव्या पट्टीवर डाखाच्या ठिपक्यांभोवती पांढरट, चिकट थर आणि त्याखाली तांब्याच्या रेषा खाल्लेल्या. डाख देताना जी राळ वापरतात ती नंतर स्पिरिटने धुऊन काढायची, अशी लेखी सूचनाच त्या कामासोबत होती. इथे स्पिरिट वापरलेलं नव्हतं. थरात नळाच्या पाण्यातले क्षार होते आणि कपडे धुण्याच्या पावडरीचे अंश होते. तिन्ही यंत्रांत तेच. पाणी राळेत अडकून बसलं होतं आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबं खायला लागलं होतं.

मी अहवाल लिहिला नाही. आधी आईकडे गेले.

पुनर्विकासात मिळालेल्या टॉवरमध्ये आई आता वरच्या मजल्यावर राहते. वडील जाऊन सहा वर्षं झाली. ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सुकट निवडत होती. मी फोनवरचा फोटो तिच्यासमोर धरला.

“हे काय गं? बुरशी?”

“तुमची पट्टी आहे. गेमच्या डब्यातली.”

तिने फोन हातभर लांब धरला, बराच वेळ बघितला. “पाण्यानं झालं ना?”

“तुला कसं माहीत?”

“तुला कसं कळलं ते सांग आधी.”

“मीठ सापडलं. नळाच्या पाण्यातलं.”

“एवढं शिकवलं तुला, ते मिठाशी बोलायला,” ती म्हणाली आणि परत सुकट निवडू लागली. मग न थांबता, एखाद्याला पत्ता सांगावा तसं सांगत गेली.

आमच्या मजल्यावरच्या नऊ बायका ते काम करायच्या. कंत्राटदार पट्ट्यांचे ट्रे आणून द्यायचा, सोबत धुण्यासाठी स्पिरिटचा पाच लिटरचा कॅन. गिरण्या बंद पडलेल्या, पुरुष दिवसभर पॅसेजमध्ये बसून. समोरच्या खोलीतले भावोजी गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. त्यांनी एके दिवशी कॅनमधलं थोडं काढून, पाणी आणि साखर घालून घेतलं.

“दुसऱ्या दिवशी दुपारी ते बायकोला म्हणाले, लाईट लाव गं, काळोख का करून ठेवलाय,” आई म्हणाली. “खिडकीतून ऊन येत होतं, माणूस उन्हातच बसलेला. रात्रीपर्यंत गेले. दवाखान्यात आम्ही सांगितलं गुत्त्यावर प्याले. कॅनचं नाव काढलं असतं तर पोलीस आले असते, काम गेलं असतं.”

“आणि कॅन?”

“बारावं झाल्यावर आम्ही नऊजणी नळावर जमलो. ठरवलं, हे घरात ठेवायचं नाही. तुझे बाबा तो कॅन उचलून हलवून बघायला लागले होते, किती आहे ते. मला कळत होतं ना. दर आठवड्याला कॅन आला की संडासात ओतायचा आणि पट्ट्या निरम्याच्या कोमट पाण्यात धुवायच्या. जुन्या टूथब्रशनं. दोनदा. मग गच्चीवर साडी अंथरून त्यावर वाळवायच्या, पापडासारख्या. काय चमकायच्या. कंत्राटदार म्हणायचा, तुमच्या बायकांचं काम काचेसारखं आहे.”

“कंत्राटदाराला सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. स्पिरिट नको म्हटलं. तो म्हणाला, स्पिरिट नको तर काम पण नको, साहेबांच्या कागदावर लिहिलंय, धुऊनच द्यायचं.”

पुढच्या काही दिवसांत मी जो विचार केला तो मला आता जसाच्या तसा आठवतो, कारण त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. मी वहीत दोन रकाने आखले. एकात स्पिरिट, दुसऱ्यात पाणी. स्पिरिटच्या रकान्यात यंत्र चालतं, एक शेड उभी राहते, अक्षरांची कॅसेट निघते. आणि नऊ घरांत कॅन राहतो, माझे वडील तो हलवून बघत राहतात, आणि त्यांच्यासह कितीजण गेले असते कोण जाणे. पाण्याच्या रकान्यात जे झालं ते आहे: मेलेलं यंत्र आणि जिवंत पुरुष. म्हणजे त्या यंत्राचं यश हवं असेल तर त्याची किंमत आमच्या पॅसेजमध्ये मोजायला हवी होती. लेखाला याहून चांगली मांडणी सापडणार नाही, हे मला कळत होतं. पहिलं वाक्यही तयार होतं.

आईला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “शेवटी लोक काय म्हणणार? बायकांनी बुडवलं.”

“उलट आहे, आई. तुम्ही माणसं वाचवलीत.”

“ते तू म्हणतेस. कंपनी बंद झाल्यावर कंत्राटदार पॅसेजमध्ये उभा राहून ओरडून गेला होता, तुम्ही लोक असेच, तुमच्या हाताला यश नाही. तुम्ही लोक म्हणजे कोण, ते आम्हाला बरोबर कळलं. त्यातल्या सात बायका मेल्या आता. त्यांच्यावर परत काही यायला नको.” मग तिने विचारलं, “तो साहेब अजून वाट बघतोय?”

“दर दोन दिवसांनी फोन करतात.”

“आणि त्याला वाटतंय त्याचंच चुकलं.”

“हो.”

“मग मीच सांगते. माणूस आजारी आहे, कारण मागतोय. तू कागद नको पाठवूस. तुझ्या कागदात आम्ही बारीक अक्षरात असणार.”

एका शनिवारी सकाळी आम्ही सरांकडे गेलो. आईने इस्त्रीची सुती साडी नेसली होती. त्यांनी स्वतः चहा केला, तिच्या हातात कप दिला आणि समोर ताठ बसले, मुलाखतीला आल्यासारखे.

“जय भीम,” आई म्हणाली. “साहेब, तुमच्या पट्ट्या आम्ही केल्या. परळला नाही, बीडीडीत. माझ्या खोलीत.”

तिने सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. भावोजी, कॅन, निरमा, गच्ची. शेवटी म्हणाली, “तुमच्या खाचेचं काही चुकलं नव्हतं. आम्ही पाण्यानं धुतलं म्हणून तुमचं मशीन गेलं. आमचा इलाज नव्हता. पण तुम्ही इतकी वर्षं स्वतःला बोल लावलात, तो लावू नका.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. सुटका दिसेल असं मी गृहीत धरलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले.

“तू गंजावर काम करतेस ना?”

“हो, सर.”

“राळ धुतलीच नाही, तशीच ठेवली, तर काय होतं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला उत्तर दिसलं. ते मला विद्यार्थिदशेपासून माहीत होतं. त्या प्रकारची राळ थंड झाली की काचेसारखी घट्ट होते आणि तिच्यातलं सगळं आम्ल आतच कोंडून ठेवते. तिला हात लावला नाही तर ती पट्टीला वर्षानुवर्षं काही करत नाही. ती अर्धवट धुतली तरच आतलं आम्ल मोकळं होतं.

“काही होत नाही,” मी म्हटलं.

आईने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “काय म्हणताय ते मला कळेल असं सांगा.”

“बाई,” ते म्हणाले, “धुतलं नसतं तरी चाललं असतं.”

“स्पिरिटनं नाही धुतलं तरी?”

“कशानेच नाही. डाख देऊन तशाच परत दिल्या असत्यात, तर यंत्र चाललं असतं.”

“मग कागदावर लिहिलं कशाला होतं?”

“राळ पिवळी दिसते. डाग पडल्यासारखी. परदेशी यंत्राचं झाकण उघडलं की आत स्वच्छ हिरवी पट्टी दिसायची. मला आपलीही तशीच दिसायला हवी होती. कुणी उघडून बघितलं तर हसू नये म्हणून. ते वाक्य मी लिहिलं. धुऊनच द्यावे.”

आई हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे आम्ही आळशी असतो तर बरं झालं असतं.”

“मला विचारायला हवं होतंत,” ते म्हणाले. त्यात दोष देणं नव्हतं, ते फक्त कळवळून म्हणाले. पण आईने ते तसंच सोडलं नाही.

“कुणाला विचारणार? कंत्राटदाराला विचारलं. तुम्ही कुठे राहता, कसे दिसता, ते आज बघतेय मी. तुम्ही आला असतात एकदा, तर विचारलं असतं.”

“हो,” ते म्हणाले. “मी आलो नाही.”

आणि मग, एखादी आकडेमोड उलट्या बाजूने तपासावी तसे ते मोठ्याने म्हणाले, “म्हणजे स्पिरिट तुमच्या घरात यायचं कारणच नव्हतं.” हे वाक्य आम्हा तिघांपैकी कुणालातरी म्हणावंच लागणार होतं. ते त्यांनी म्हटलं. त्यानंतर ते उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आई म्हणाली, “चल.” दार आम्हीच ओढून घेतलं.

लेख मी दिला नाही. संपादिकेला विषय जमला नाही असं कळवलं. वास्तविक तो आता फार सोपा झाला होता. सूचनांच्या कागदावरची एक ओळ खोडायची, बस. कॅन येत नाही, भावोजी जगतात, यंत्र चालतं, कुणालाच किंमत मोजावी लागत नाही. माझी दोन रकान्यांची मांडणी चुकीची होती, आणि चूक माहितीची नव्हती. तिसरी शक्यता, मुळात न धुण्याची, मला ठाऊक होती. पण किंमत देऊन मिळणारं यश ही मांडणी मला इतकी आवडली की तपासायचं राहून गेलं. तपासलं असतं, तर आईला तिथे नेण्याआधी थांबले असते.

आठवड्याभराने सरांच्या मुलाचा परदेशातून फोन आला. मी तेव्हा आईकडेच होते.

“बाबा डायलिसिसला जात नाहीयेत,” तो म्हणाला. “दोनदा चुकवलं. शेजारचे सांगतात, तुम्ही येऊन गेल्यापासून. काय बोलणं झालं तुमचं?”

मी सगळं क्रमाने सांगितलं. अहवाल द्यावा तसं. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, “हे त्यांना सांगायची गरज होती?”

“त्यांनी विचारलं होतं.”

“ते मला माहीत आहे. ते मलाही तेच विचारायचे, मी लहान असल्यापासून. मी विचारतोय, गरज होती का?”

आईने हात पुढे केला. “फोन दे इकडे,” ती म्हणाली, आणि त्याला म्हणाली, “बाळा, मी त्या बायकांमधली. बाबांना सांग, सोमवारी सकाळी मी टॅक्सी घेऊन येते. तयार राहायला सांग. आणि सांग, मला जिने चढवू नका, माझे गुडघे गेलेत.”

सोमवारी ती गेली. ते खाली फाटकाशी उभे होते. त्या सोमवारी ते डायलिसिसला गेले, गुरुवारी गेले, आणि पुढच्या सोमवारीही. आई दर वेळी चार तास बाहेरच्या बाकावर बसून राहायची. पण चुकलेल्या दोन खेपांनी जे व्हायचं ते आत होऊन गेलं होतं. त्यानंतरच्या गुरुवारी पहाटे ते झोपेतच गेले. मुलगा पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी त्यांना बर्फावर ठेवलं होतं.

टॅक्सीत काय बोलायचात, असं मी आईला विचारलं.

“काही नाही. ते खिडकीतून बघायचे,” ती म्हणाली. “एकदाच बोलले. भावोजी किती वर्षांचे होते, म्हणाले. मी सांगितलं, पस्तीस-छत्तीस असतील. तर म्हणाले, तेव्हा मीही तेवढाच होतो.”